सोसायटीच्या ड्रेनेज वाहिन्यांची वार्षिक देखभाल : एका खासगी सेवेचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिम उपनगरातील आमच्या गृहनिर्माण संस्थेने गेल्या वर्षी ड्रेनेज वाहिन्यांच्या देखभालीचे वार्षिक कंत्राट एका खासगी ठेकेदाराला दिले. चार इमारती, जुन्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाइपांच्या वाहिन्या आणि तळमजल्यावरच्या सभासदांची वर्षानुवर्षांची नाराजी, अशी आमची परिस्थिती होती. ठेकेदाराचे नाव येथे देत नाही. या व्यवसायातील इतरांशीही बोलणे झाले आणि सेवेचे गुणदोष बहुतेक ठिकाणी तेच दिसले. यंत्राचे काम उत्तम, कागदपत्रे मध्यम आणि कामगारांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत पहिल्याच दिवशी नापास, असा माझा निर्वाळा आहे.

मुळात हे काम संस्थेने पैसे मोजून का करून घ्यायचे, महापालिका कशासाठी आहे, हा प्रश्न आमच्या सर्वसाधारण सभेत विचारला गेला आणि तो गैर नव्हता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार गटारे व मलनिःसारणाची कामे बांधणे, ती सुस्थितीत ठेवणे आणि साफ करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. परंतु हे कर्तव्य सार्वजनिक वाहिन्यांपुरते असते. कुंपणाच्या आतील वाहिन्या संस्थेच्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची जी यादी आहे, तिच्यात ड्रेनेज वाहिन्या आणि सेप्टिक टँक यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि सामाईक ड्रेनेज वाहिनीतून होणारी गळतीही संस्थेच्याच माथी आहे. सदनिकेच्या आतील नहाणी ट्रॅप (न्हाणीघराच्या फरशीतील जाळीखालचे निचऱ्याचे भांडे) तुंबला, तर तो खर्च सभासदाचा. उभ्या सामाईक पाइपापासून पुढे कुंपणाजवळच्या शेवटच्या चेंबरपर्यंत सर्व काही संस्थेचे.

खरी ओढाताण होते ती त्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्यातील महापालिकेच्या मॅनहोलपर्यंतच्या छोट्या तुकड्यावरून. ही जोडवाहिनी रस्त्याखाली असते, म्हणून सभासदांना ती महापालिकेची वाटते. ती एकाच मिळकतीसाठी परवानगी घेऊन टाकलेली असते, म्हणून महापालिकेचे कर्मचारी ती संस्थेची मानतात. या बाबतीत ठेकेदाराने दिलेला सल्ला कंत्राटाच्या रकमेइतकाच मोलाचा ठरला. काम सुरू करण्यापूर्वी त्याने इमारतीच्या ड्रेनेज पूर्णत्वाचा दाखला आणि त्यासोबतचा नकाशा मागितला. बांधकाम व्यावसायिकाने दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात तो सापडला, आणि जोडणी कोणत्या मॅनहोलला दिली आहे हे त्यावरून कळले. (नव्या इमारतींतील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : स्थावर संपदा अधिनियम, 2016 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कामाच्या दर्जातील किंवा सेवासुविधांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. उलट्या उताराची ड्रेनेज वाहिनी हा असाच दोष आहे, आणि तो पहिल्या पाच वर्षांतच दिसू लागतो.)

आता प्रत्यक्ष कामाविषयी. बांबूच्या पट्ट्या किंवा लोखंडी सळ्या घालून चोकअप काढण्याची जुनी पद्धत अडथळ्याला भोक पाडते, पण पाइपाच्या तळाशी आणि कडेला बसलेला थर तसाच राहतो. म्हणून महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच होते. जेटिंग यंत्रात उच्च दाबाचे पाणी होजच्या टोकावरील नोझलमधून मागच्या दिशेने फेकले जाते. त्या झोताने नोझल स्वतःच पुढे सरकते आणि सुटलेला गाळ मागे वाहत येतो. याचाच अर्थ असा की काम नेहमी खालच्या चेंबरपासून वरच्या चेंबरकडे व्हायला हवे आणि खालच्या चेंबरमध्ये जमणारा गाळ त्याच वेळी सक्शन गाडीने उचलायला हवा. आमच्या ठेकेदाराच्या माणसांनी हा क्रम पाळला. स्वयंपाकघरातील तेलाचे साबणासारखे घट्ट झालेले गोळे, सॅनिटरी पॅड, बाळांचे वेट वाइप्स आणि एका इमारतीमागे उंबराच्या मुळांचा अक्षरशः झुपका बाहेर निघाला. स्टोनवेअर पाइपांचे सिमेंटचे सांधे कालांतराने तडकतात आणि ओलाव्याच्या ओढीने मुळे तेथूनच आत शिरतात, त्यामुळे हे अनपेक्षित नव्हते.

सक्शनचा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने मांडतो आहे. दुसऱ्या एका ठेकेदाराने आम्हाला बरेच कमी दरपत्रक दिले होते; चौकशी केल्यावर समजले की त्यात सक्शन गाडी नव्हतीच. म्हणजे सुटलेला सारा गाळ शेवटच्या चेंबरमधून महापालिकेच्या वाहिनीत ढकलला गेला असता. आपली जबाबदारी पैसे देऊन शेजाऱ्याच्या दारात लोटण्याचा हा प्रकार आहे, आणि गल्लीतील प्रत्येक संस्थेने तोच केला, तर मुख्य वाहिनी तुंबून मैला उलटा आपल्याच आवारात येतो. गाळ कोठे नेऊन टाकला जातो, हेही आम्ही लेखी विचारले. उत्तर मिळायला वेळ लागला, पण शेवटी मिळाले.

जेटिंगनंतर कॅमेरा घालून केलेली तपासणी ही या सेवेची दुसरी जमेची बाजू असायला हवी होती. चित्रफीत स्पष्ट होती; दोन ठिकाणी पाइप खचल्याचे आणि एका जागी पाणी साचून राहत असल्याचे आम्हाला डोळ्यांनी पाहता आले. मात्र अहवालात चेंबरचे क्रमांक आमच्या नकाशाशी जुळत नव्हते आणि वाहिनीच्या तळाच्या पातळ्या दिल्याच नव्हत्या. उतार किती कमी पडतो हे पातळ्यांशिवाय सांगता येत नाही, आणि ते समजल्याखेरीज तेवढा तुकडा खोदून नवा पाइप टाकायचा की नुसता सांधा दुरुस्त करायचा, हे ठरत नाही. त्यासाठी आम्हाला वेगळा अभियंता बोलवावा लागला.

सर्वांत गंभीर आक्षेप पहिल्या दिवसाचा आहे. एका खोल चेंबरमध्ये दगड अडकला तेव्हा मुकादमाने एका मुलाला दोर बांधून आत उतरवण्याची तयारी केली, आणि आमच्याच एका ज्येष्ठ सभासदाने "दोनच मिनिटांचे तर काम आहे" म्हणून त्याला दुजोरा दिला. आम्ही काम थांबवले. बंद चेंबरमध्ये साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असेल तर त्याचा वासही येईनासा होतो, आणि एकाला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. कायदाही संदिग्ध नाही. हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या नेमणुकीस प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या अधिनियमाच्या कलम 7 नुसार कोणत्याही व्यक्तीने, स्थानिक प्राधिकरणाने किंवा संस्थेने मलवाहिनी व सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष माणूस नेमणे निषिद्ध आहे, आणि 'अप्रत्यक्ष' या शब्दात ठेकेदारामागे उभी असलेली सोसायटीही येते. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. अशा मृत्यूंसाठी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेली 10 लाखांची भरपाई 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने 30 लाख रुपये झाली. ठेकेदाराने नंतर वरूनच चालणारे पकड-यंत्र आणून दगड काढला. ते यंत्र त्याच्याकडे होतेच, फक्त गोदामात होते. हे मला अधिक खटकले.

पावसाळ्यातील सेवेबद्दल मात्र चांगले लिहायला हवे. जुलैमध्ये आवारात मैलापाणी वर आले तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने यंत्र न लावता आधी आमचा शेवटचा चेंबर आणि मग रस्त्यातील मॅनहोलची पातळी पाहिली. दोन्ही काठोकाठ भरलेले होते, म्हणजे अडथळा मुख्य वाहिनीत होता. त्याने फेरीचे पैसे घेतले नाहीत आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे तक्रार करताना छायाचित्रांसह 'मॅनहोल भरलेले आहे' असे लिहायला सांगितले. नुसते 'ड्रेनेज तुंबले' असे लिहिले तर तक्रार खासगी वाहिनीची ठरवून बंद केली जाते, असा त्याचा अनुभव. महापालिकेची गाडी आली. जाता जाता त्याच माणसाने आमच्या गच्चीच्या पन्हाळीचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेले दाखवून दिले. मलवाहिनी पावसाचे पाणी धरून आखलेली नसते. ते पावसाळी गटारातच जायला हवे. तो पाइप आम्ही आता वळवला आहे. रस्त्यातील मॅनहोलचे झाकण पाण्याचा निचरा व्हावा म्हणून परस्पर उघडणे हा आणखी एक घातक प्रकार. 29 ऑगस्ट 2017 च्या अतिवृष्टीत मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा मृत्यू झाला होता.

खर्चाच्या बाबतीत तासाच्या दरापेक्षा वाहिनीच्या लांबीनुसार मीटरमागे ठरवलेला दर परवडतो, कारण पाण्याच्या टँकरची वाट पाहण्यात गेलेला तासही बिलात लागतो. ही रक्कम आम्ही दुरुस्ती व देखभाल निधीतून दिली. आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के दराने तो जमा व्हायला हवा, आणि ज्या संस्थांनी तो वर्षानुवर्षे गोळाच केला नाही त्यांना खोदकामाच्या वेळी वर्गणी मागत फिरावे लागते.

कंत्राटाचे नूतनीकरण आम्ही केले, पण तीन नव्या अटींसह : कोणत्याही कारणाने माणूस चेंबरमध्ये उतरणार नाही आणि पकड-यंत्र प्रत्येक वेळी गाडीत असेल, कॅमेऱ्याच्या अहवालात आमच्या नकाशातील चेंबर क्रमांक व तळाच्या पातळ्या असतील, आणि सक्शन गाडीच्या फेऱ्यांची व गाळ रिकामा केल्याची पावती जोडल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. पहिल्या दोन अटी ठेकेदाराने लगेच मान्य केल्या, तिसरीसाठी दर थोडा वाढवून घेतला.