दुबईच्या उन्हाळ्यात इंजिन रूमचे नवे पंखे: पाच महिन्यांनंतर

दुबईत 24 मीटरच्या मोटर यॉटवर मी इंजिनीअर आहे. दोन डिझेल इंजिनं, एक जनरेटर. मे महिन्यात जुने ब्लोअर काढून 24 व्होल्टचे कमी-जास्त वेगाचे पंखे आणि कंट्रोलर बसवला. आता ऑक्टोबर उजाडलाय.

इंजिन रूममध्ये किती तापमान आहे यापेक्षा बाहेरच्यापेक्षा ते किती जास्त आहे, हे मी बघतो. जहाजांसाठीचं आयएसओ 8861 मानक बाहेर 35 अंश धरतं आणि आत 12.5 अंशांची वाढ. इथे ऑगस्टात दुपारी बाहेरच 43 असतं, म्हणजे मानक पाळूनही आत 55 च्या वर. पूर्वी आमचा फरक 20 च्या घरात जायचा, आता 12-13 वर थांबतो.

सगळं श्रेय पंख्यांना मात्र देणार नाही. इंजिनाच्या टर्बोपासून, धूर थंड करायला पाणी मिसळतं त्या एल्बोपर्यंतच्या (वाकलेल्या पाइपपर्यंतच्या) कोरड्या एक्झॉस्ट पाइपचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, ठिकठिकाणी फाटलं होतं. नवी ब्लँकेट्स शिवून बसवली आणि तेवढ्यानेच फरक चार-पाच अंशांनी उतरला. बजेट तुटपुंजं असेल तर आधी तिथे खर्च करा.

कंट्रोलरची खरी किंमत कळते ती बोट वेगात असताना. इंजिनं स्वतःच भरपूर हवा ओढतात. त्यात बाहेर फेकणारा पंखाही जोरात फिरला तर दोघं एकाच हवेवर भांडतात. पूर्वी इंजिन रूमचं दार उघडायला खांदा लावावा लागायचा. आता दाबाचा सेन्सर तो पंखा मंद करतो, आत हवा आणणारे चालू राहतात. इंजिन बंद केल्यावर उलट: गरम लोखंडामुळे आतलं तापमान आणखी चढतं, तेव्हा पंखे अर्धा तास तरी हवेतच. आमचे आपोआप चालतात. फक्त नांगर टाकल्यावर मागच्या केबिनमधल्या पाहुण्यांना आवाज ऐकू जातो, त्यावर उपाय सापडलेला नाही.

धुळीचं वारं सुटलं की व्हेंटमधल्या, पाण्याचे तुषार अडवणाऱ्या मिस्ट फिल्टरवर मीठ आणि माती थापली जाते. गोड्या पाण्याने आठवड्याला धुवा, नाहीतर महागडा पंखाही नुसता घरघरतो.

आग विझवणारी यंत्रणा सुटली की पंखे बंद पडून हवेच्या वाटेवरच्या झडपा, म्हणजे डँपर, मिटले पाहिजेत. कंट्रोलरला ती सोय आहे, पण बसवणाऱ्यांनी वायर जोडलीच नव्हती. बोट तपासायला आलेल्या सर्व्हेयरने विचारल्यावर जोडून घेतली.