हाताने रंगवलेलं फिलेचं देऊळ : एक पावसाळा काढल्यावर

हाताने रंगवलेलं चित्र घरी पोहोचल्या दिवशी सगळ्यांनाच आवडतं. त्यामुळे तेव्हा पाच तारे ठोकून मोकळी झाले नाही. आता उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्याने आमच्या भिंतीवर काढलाय, तेव्हा लिहिते.

चित्र म्हणजे डेव्हिड रॉबर्ट्सच्या चित्राची विक्रेत्याकडून तैलरंगात रंगवून घेतलेली प्रत : इजिप्तमधल्या फिले बेटावरच्या इसिस देवीच्या देवळातला खांबांचा मंडप, आतून पाहिलेला. रॉबर्ट्स (१७९६–१८६४) हा स्कॉटिश चित्रकार आधी नाटकांचे पडदे रंगवायचा, आणि माझ्या मते ती सवय त्याच्या देवळांतही दिसते. खांब थोडे जास्तच भव्य, पायथ्याशी माणसं जास्तच चिमुकली. १८३८ मध्ये तो होडीने नाईलवरून थेट अबू सिंबेलपर्यंत गेला आणि वाटेत दिसेल ते देऊळ काढत राहिला. पुढे लुई हागने त्या चित्रांच्या शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) प्रती केल्या. १८४२ ते १८४९ या काळात त्या भागाभागाने निघाल्या, आणि काही हाताने रंगवूनही विकल्या गेल्या.

म्हणजे आपण जे तैलरंगात मागवतो, ते मुळात कागदावरचं जलरंगाचं काम. रविवर्म्याच्या छापखान्यातून घरोघरी गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतींचा प्रवास तैलचित्राकडून शिळाछापाकडे झाला. इथे बरोबर उलटी गंगा आहे. खरेदीआधी हे डोक्यात असेल तर निम्मी निराशा टळते.

आता माझ्या प्रतीबद्दल. आकार छत्तीस बाय चोवीस इंच. मूळ चित्र मोठ्या पुस्तकाच्या पानाएवढंच, त्यामुळे तिथे सुईच्या टोकाएवढी असलेली खूण इथे बोटाच्या पेराएवढी होते आणि रंगवणाऱ्याला तिथे काहीतरी भरावंच लागतं. खांबांवरची चित्रलिपी नेमकी इथेच गंडली आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मूळ शिळाछापांची मोठी स्कॅन सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यातलं एक लॅपटॉपवर उघडून चित्राशेजारी धरलं. स्कॅनमध्ये पक्षी, बसलेली माणसं, लंबगोलातलं राजाचं नाव हे निदान वेगवेगळं ओळखू येतं. माझ्याकडे डाव्या हाताच्या खांबावर तीन ओळी नुसत्या आडव्या-उभ्या रेघांच्या आहेत, आणि एका पक्ष्याचा चक्क स्वल्पविराम झालाय. माणसांचे फेटे ठीक, चेहरे मात्र सगळ्यांचे एकच.

तरीही चित्र परत केलं नाही, कारण रंग. खांबांच्या माथ्यावरच्या पानांच्या नक्षीत निळा, हिरवा आणि विटकरी तांबडा शेजारीशेजारी आहेत. रंगवणाऱ्याने निळा सरसकट न फासता सावलीच्या बाजूला थोडा करडा आणि उजेडाच्या बाजूला किंचित पांढरा मिसळलाय. वरून येणारा उजेड त्या निळ्यावर पडतो, तेव्हा कुंचल्याचे उंचवटे दिसतात. छापील पोस्टरमध्ये हे येत नाही.

आणि फिलेच्या बाबतीत रंगाला वेगळंच मोल आहे. १९०२ मध्ये अस्वानचं पहिलं धरण पुरं झालं, त्यानंतर हे देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात उभं असायचं. रॉबर्ट्सने पाहिलेले रंग त्यात धुऊन गेले. पुढे युनेस्कोच्या मोहिमेत १९७२ ते १९८० दरम्यान सगळे दगड सुटे करून देऊळ शेजारच्या अगिलकिया बेटावर पुन्हा उभारलं. आज तिथे गेलात तर देखणा पण बहुतेक दगडाच्याच रंगाचा मंडप बघायला मिळतो. रॉबर्ट्सने थोडी अतिशयोक्ती केली असेलही, मला चालते.

जाता जाता : रॉबर्ट्सचंच लक्सरच्या देवळाच्या दरवाजाचं चित्र घेणाऱ्यांनी ‘दुसरा स्तंभ कुठे गेला’ म्हणून विक्रेत्याशी भांडू नये. जोडीतला एक ओबेलिस्क (उंच, टोकदार दगडी स्तंभ) रॉबर्ट्स पोहोचण्याआधीच पॅरिसला गेला होता. १८३६ मध्ये तो तिथल्या चौकात उभाही राहिला. चित्रात एकच आहे ते बरोबर आहे.

देखभालीकडे येते. कॅनव्हास नळीत गुंडाळून आला, जवसाच्या तेलाचा वास दोनेक आठवडे घरभर होता. चौकटीवर ताणण्याचं काम आमच्या भागातल्या फ्रेमवाल्याकडून करून घेतलं. विक्रेत्याचं स्वतःचं फ्रेमिंग महाग होतं, आणि शिवाय लाकूड काय वापरणार हे सांगायला तयार नव्हता. फ्रेमवाल्याला आधीच बजावून ठेवा : कोपऱ्यांत पाचरी हव्यात. जुलैत हवा दमट झाली आणि माझा कॅनव्हास खालच्या बाजूने पोटासारखा सुटला. पाठीमागून पाचरी हलक्या हाताने ठोकल्या तेव्हा पुन्हा ताठ झाला. पाचरी नसत्या तर सगळं उकलून परत ताणावं लागलं असतं. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवलेत, म्हणजे भिंत आणि कॅनव्हास यांच्यात हवा खेळती राहते. बुरशी आलेली नाही. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर मात्र लावूच नका. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, ओलं फडकं अजिबात नाही.

वॉर्निश अजून दिलेलं नाही. विक्रेता ‘लगेच मारून पाठवतो’ म्हणत होता, मी नको म्हटलं. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतो; वरून कोरडा वाटला तरी आत काम चालूच असतं. सहा महिने ते वर्षभर थांबलेलं बरं.

किंमत चांगल्या छापील प्रतीच्या सातआठपट पडली. ज्यांना कोरीव काम, लिपी, रेषा यांत रस आहे, त्यांनी हे पैसे घालू नयेत. चांगल्या कागदावर स्कॅनची प्रत काढून काचेत लावावी. देंडेराच्या देवळातल्या मंडपाचं चित्र तर हाताने रंगवून मागवूच नये, तिथे इंच न् इंच कोरलेला आहे. तैलरंगातच हवं असेल तर एडफू बघा. तिथलं देऊळ रॉबर्ट्सच्या वेळी वाळूत अर्धंअधिक गाडलेलं होतं. ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ते मोकळं करायला घेतलं १८६० मध्ये. त्यामुळे चित्रात आकाश आणि वाळू भरपूर, लिपी कमी, आणि साधारण हाताच्या रंगवणाऱ्यालाही ते निभावतं. दिवाळीनंतर मी तेच मागवणार आहे, पण रंगवून झाल्यावर खांबांचा जवळून काढलेला फोटो आल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही.