२०१७ च्या लॅपटॉपला एसएसडी आणि रॅम टाकली, मार्च एंडिंग काढल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, घाईत असणाऱ्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. सात-आठ वर्षं जुना लॅपटॉप रखडत चालत असेल आणि काम टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल, ब्राउझर, पत्रव्यवहार एवढंच असेल तर नवीन घ्यायच्या आधी आतली हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क, टाका. मी टाकली, वर ८ जीबी रॅम टाकली, नवरात्राच्या तोंडावर हे काम केलं आणि आता मार्च एंडिंगचा सगळा गदारोळ त्याच लॅपटॉपवर निघालाय. पैसे वसूल झालेत. पण स्क्रू खोलायचं काम लहान आणि सॉफ्टवेअर परत जागेवर बसवायचं काम मोठं असतं, ते कुणी आधी सांगत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माझं काम म्हणजे कोल्हापुरातल्या छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स. उद्यमनगरातली वर्कशॉप, शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री (ओतकामाचा कारखाना), गुजरीतलं एक दुकान असे क्लायंट. लॅपटॉपमध्ये आय५ ७२००यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएमची हार्डडिस्क आणि विंडोज १० होम सिंगल लँग्वेज. चालू केल्यावर डेस्कटॉप लगेच दिसायचा पण क्लिक केलेलं कळायचंच नाही त्याला, टॅली उघडायला घेतलं की क्रोम गोठायचं, आणि ११ तारखेला जीएसटीआर-१ अन २० तारखेला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्न्स भरताना तर जीव नकोसा व्हायचा.

पहिल्या एका दुकानात नेला तर त्यांनी झाकण न खोलताच सांगितलं, "ताई, नवीनच घ्या की, ह्यात पैसे घालून काय उपयोग न्हाई." पन्नास हजाराच्या आसपासचं कोटेशन हातात दिलं. मला ते पटलं नाही कारण घरी मी टास्क मॅनेजर उघडून बघितलं होतं. सीपीयू २०-३० टक्क्यांवर निवांत, आणि डिस्कचा कॉलम १०० टक्के लाल. पण खरी गंमत त्याच्या खाली आहे, तिथं रीड-राइटचा स्पीड दिसतो तो होता सेकंदाला दीड-दोन एमबी. म्हणजे डिस्क पूर्ण दमलीय पण काम नखाएवढं होतंय. हार्डडिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर सुईसारखं हेड इकडून तिकडे पळत असतं, एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला १०० एमबीपर्यंत जाते, पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइली वेगवेगळ्या जागेवरनं मागतं आणि सगळा वेळ हेडच्या पळापळीत जातो. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळं तिथं हा प्रश्नच येत नाही. तुमच्या लॅपटॉपला दुखणं कुठं आहे ते असं दोन मिनिटांत कळतं, दुकानात जायच्या आधी बघाच.

तिथंच परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्लॉट किती वापरात आहेत ते दिसतं. माझ्यात दोनपैकी एक वापरात, म्हणजे जुनी ४ जीबी न काढता शेजारी ८ जीबी बसणार. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथं हे जमत नाही. आणि डीडीआर३ की डीडीआर४ ते बघूनच घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही, खाचेची जागाच वेगळी असते. मला २६६६ स्पीडची रॅमची स्टिक मिळाली, ह्या प्रोसेसरवर ती २१३३ नंच चालते, त्यानं काही बिघडत नाही.

एसएसडी घेतली क्रुशियल एमएक्स५००, ५०० जीबी, साटावाली, म्हणजे हार्डडिस्कच्याच जागी बसणारी. दुकानदार एनव्हीएमई ही जास्त वेगवान जात घ्या म्हणत होता, ३५०० एमबीचा स्पीड वगैरे, पण माझ्या लॅपटॉपला तो एम.२ स्लॉटच नाही, आणि असता तरी माझ्या कामाला फरक कळला नसता. साटाची हद्द साधारण ५५० एमबी, हार्डडिस्कवरनं येणाऱ्या माणसाला ती पुष्कळ आहे. दोन्ही मिळून सहा हजाराच्या आत गेले. आता मात्र हे भाव धरून चालू नका, २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही चढलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी माल उचलायला सुरुवात केल्यापासून. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीनं क्रुशियलची किरकोळ विक्री बंद करणार असं जाहीर केलंय, विकलेल्या मालाची वॉरंटी चालू राहणार म्हणालेत, त्यामुळं माझ्यावाल्याची पाच वर्षं मी गृहीत धरलीत.

आता फॉरमॅटच्या आधीची तयारी. हा भाग खरंच नीट वाचा. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करता येतं, क्लोनझिला फुकट आहे, पण मला इतक्या वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर न्यायचा नव्हता म्हणून विंडोज नव्यानं टाकायचं ठरवलं. कागदावर यादी केली. पहिलं टॅलीचं लायसन सरेंडर. लायसन त्या कॉम्प्युटरला बांधलेलं असतं, आधी सरेंडर करून मग नव्या विंडोजवर अॅक्टिव्हेट केलं की सरळ होतं, तसंच फॉरमॅट मारलं तर नंतर मागं लागावं लागतं. मग टॅलीचा डेटा फोल्डर दोन जागी कॉपी, आणि कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघणं. डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, टोकनचा ड्रायव्हर. ब्राउझरमधले पासवर्ड. आणि फाँट! जुनी पत्रं, ठराव, करारनामे सगळं श्रीलिपी ह्या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं, ते युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं) नसतं, फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. ओळखीच्या एका ऑफिसात असंच झालं होतं, फाइली सगळ्या होत्या पण वाचता एकही येईना. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधनं लागणारे फाँट उचलून पेनड्राइव्हवर घेतले की ही कटकट संपते.

विंडोजची की शोधत बसू नका. ब्रँडेड लॅपटॉपची की बायोसमध्येच (बोर्डावरच्या चिपमध्ये) असते, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह बनवला की इन्स्टॉल होताना तीच एडिशन आपोआप येते आणि नेट लागल्यावर अॅक्टिव्हेट होतं.

बसवायला राजारामपुरीतल्या एका रिपेअरवाल्या दादांकडं गेले. नवरात्र जवळ आल्यावर अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडकडं गर्दीनं फिरकता येत नाही, राजारामपुरी बरी पडते, शिवाय समोर बसून बघू देतात. डीव्हीडी ड्राइव्हचा स्क्रू, मागच्या रबरी पायांखाली लपलेले स्क्रू, मग कडेनं प्लॅस्टिकची पट्टी फिरवत झाकण काढलं, आणि सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं, हे घरी करणाऱ्यांनी विसरायचं नाही. बॅटरी जोडलेली असताना आत स्क्रू-ड्रायव्हर फिरवला तर बोर्ड जाऊ शकतो.

रॅम बसवल्यावर फॅन फिरतोय, दिवा लागतोय, डिस्प्ले नाही. माझ्या पोटात गोळा आला. दादा शांत. नवी स्टिक एकटी लावली, चालू. जुनी एकटी लावली, बंद. मग जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवरनं शाळेतलं खोडरबर हळूहळू फिरवलं, रबराचा चुरा ब्रशनं झटकला, तिरकी धरून सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत स्लॉटमध्ये सरकवली आणि खाली दाबली तेव्हा दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्क करून बसल्या. लागलं की लगेच. "पावसाळी हवा हाय आपल्याकडं, पट्ट्या काळ्या पडत्यात," म्हणाले. घरी आल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवलं, एकही एरर नाही, तेव्हा निर्धास्त झाले.

आत आणखी एक गोष्ट सापडली ती सांगते. फॅन आणि हीटसिंकच्या बारीक जाळीच्या मधे काळा जाड थर, चिमट्यानं धरल्यावर अख्खा पट्टा नमद्यासारखा निघाला. फौंड्रीत बसून काम केल्याचा परिणाम, मोल्डिंगची बारीक वाळू आणि लोखंडाची धूळ तिथल्या हवेतच असते. प्रोसेसर गरम व्हायला लागला की जळू नये म्हणून आपणहून स्पीड कमी करतो, त्यामुळं दुपारनंतर लॅपटॉप जास्त मंद व्हायचा त्याचं कारण हे होतं. साफ करून नवीन थर्मल पेस्ट लावली. आधी कामाच्या वेळी ९५ डिग्रीला टेकायचा, आता एप्रिलच्या उकाड्यात पण सत्तरच्या घरात राहतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागात लॅपटॉप वापरणाऱ्यांनी वर्षातनं एकदा हे करून घ्यावंच, एसएसडी टाका नाहीतर नका टाकू.

नवीन विंडोजवर टॅली, एक्सेल लगेच बसलं. वेळ खाल्ला तो डीएससीनं. टोकनचा ड्रायव्हर, मग एमसाइनर हे सही करायचं सॉफ्टवेअर, ते चालू असूनही जीएसटीचं पोर्टल म्हणतंय की सापडत नाही. एमसाइनर आपल्याच कॉम्प्युटरवर १५८५ पोर्टवर चालतं आणि ब्राउझरला त्याचं सर्टिफिकेट ओळखीचं नसतं, तो पत्ता ब्राउझरमध्ये एकदा हातानं उघडून पुढं जा म्हणून मान्यता दिली की सही व्हायला लागते. प्रोप्रायटरशिप असेल तर ओटीपीवर भागतं, प्रायव्हेट लिमिटेड क्लायंटला डीएससीशिवाय गत्यंतर नाही. प्रिंटरचंही एक, केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावली की विंडोज तोच प्रिंटर कॉपी १ म्हणून नव्यानं धरतं आणि जुना डिफॉल्ट ऑफलाइन दाखवत राहतं. चलन अडकली की लोक स्पूलरपासून सगळं उचकटतात, आधी केबल कुठल्या पोर्टला आहे ते बघा.

हे सगळं २२ सप्टेंबर २०२५ च्या आत झालं ते बरं झालं. त्या दिवशी घटस्थापना आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर, १२ आणि २८ चे स्लॅब गेले. प्रत्येक क्लायंटच्या टॅलीत आयटम उघडून दर बदलायचे होते. जुन्या डिस्कवर हे करताना प्रत्येक एंटरला थांबावं लागलं असतं.

वापरातला फरक म्हणाल तर बटण दाबल्यापासून पंधरा-वीस सेकंदात कामाला लागता येतं. टॅली, दोन एक्सेल, क्रोमचे पंधरा टॅब आणि व्हॉट्सअॅप एकत्र चालतात. माझ्या अंदाजानं ह्यातला मोठा वाटा एसएसडीचा, रॅमचा फरक टॅब वाढल्यावरच कळतो. ज्यांचं बजेट एकाच गोष्टीचं आहे त्यांनी आधी एसएसडी घ्यावी. काय बदललं नाही तेही सांगते. प्रोसेसर तोच आहे, मोठ्या पीडीएफची ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं) करायला लागलं की वेळ घेतोच. स्क्रीन फिकीच आहे. आणि २० तारखेला पोर्टल स्लो असतं ते एसएसडीनं सुधारत नाही.

एसएसडी लिहून लिहून संपते ही भीती बऱ्याच जणांना असते. माझ्या मॉडेलला कंपनीनं १८० टीबी लिहिण्याची हमी दिलीय, रोज २० जीबी लिहिलं तरी चोवीस वर्षं जातात. खरी काळजी वेगळी आहे. हार्डडिस्क मरायच्या आधी टकटक करते, मंद होते, एसएसडी बऱ्याचदा काही न सांगता जाते, आणि डिलीट झालेला डेटा ट्रिममुळं (एसएसडी मोकळी जागा आपणहून पुसून टाकते त्यामुळं) परत मिळणं फार अवघड. म्हणून जुनी हार्डडिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला ठेवलीय. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तपासली, ०५ आणि सी५ ह्या खराब आणि संशयित जागा मोजणाऱ्या दोन ओळी बघायच्या, तिथं शून्य असेल तर ठीक, आकडे वाढत असतील तर ती डिस्क बॅकअपला वापरू नका. रोज संध्याकाळी टॅलीचा डेटा तिच्यावर आणि एक कॉपी गूगल ड्राइव्हवर. वळवाच्या पावसात लाइट जाते तेव्हा ह्याची किंमत कळते.

लाइटवरनं बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमधनं बॅटरी रिपोर्ट काढला तर डिझाइन कपॅसिटी ४१ हजार मिलिवॉट-अवर आणि फुल चार्ज १४ हजार. म्हणजे तिसरा हिस्सा राहिला होता. लोकल स्वस्तातली न घेता कंपनीची ओरिजिनल घेतली, महाग पडली, पण तीन तास चालते आणि लाइट गेल्यावर टॅलीचा डेटा खराब व्हायची धास्ती गेली.

राहिला विंडोज १० चा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते, माझा सातवीचा. जबरदस्तीनं ११ टाकायच्या युक्त्या आहेत, पण क्लायंटचा डेटा असलेल्या मशीनवर मी ते करणार नाही, पुढची अपडेट मिळतीलच ह्याची खात्री कंपनी देत नाही. मी मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग सिंक चालू केलं आणि वाढीव सिक्युरिटी अपडेट फुकट घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवरनं चालवून बघितली, वायफायपासून मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डपर्यंत सगळं चालतंय, पण टॅली विंडोजवरच चालतं त्यामुळं माझं भागत नाही. टॅली नसणाऱ्यांनी जरूर बघावं.

त्यामुळं येत्या दसऱ्याच्या आसपास कामाचं मशीन बदलेन, घेताना रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे का ते झाकण उघडून बघूनच. हा लॅपटॉप मिंट टाकून पुतणीला कॉलेजसाठी देणार, आताच मागून ठेवलाय तिनं.