तोळ्याच्या आतली जनावरं मोजायला काटा कुठला घ्यावा? सोनारी डिजिटल आणि ताणकाटा, दोन्ही वापरून बघितले

आधीच सांगते, केशर, यीस्ट, कॉफी असलं काही मोजायला काटा शोधत असाल तर हे सगळं वाचायची गरज नाही, बारा-तेरा युरोचा कुठलाही खिशात मावणारा डिजिटल काटा घ्या आणि सुखी राहा. मी लिहितेय ते जिवंत, ओल्या, चिडलेल्या आणि एक सेकंद स्थिर न बसणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. मी इकडे जर्मनीत बोडनसे तलावाच्या भागात शिकते आणि छोट्या सस्तन प्राण्यांच्या एका सर्व्हेवर स्टुडंट असिस्टंट आहे, म्हणजे अंधार असताना उठायचं, सापळे बघायचे, आत कोण आहे ते ओळखायचं, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि जिथून पकडलं तिथेच सोडून द्यायचं. परमिट घेऊनच चालतं हे सगळं, इथे चिचुंद्रीला हात लावायचा तरी कागद लागतो.

तर मुख्य गिऱ्हाईक म्हणजे इथली रानातली चिचुंद्री. आपल्याकडे मोरीतून सुळकन पळते ती नव्हे, ती हिच्यापुढे पैलवान आहे, आपली घरातली चांगली पन्नास ग्रॅमच्या वर जाऊ शकते. ही इथली उन्हाळ्यात जेमतेम ७-८ ग्रॅम, म्हणजे तोळाभरसुद्धा नाही. दातांची टोकं लालसर, त्या दातांत लोह असतं म्हणून, आणि नाक म्हणजे सोंडच, पिशवीत असताना ते नाक एक क्षण थांबत नाही, सगळीकडे हुंगत असतं. आणि हिचं वजन हाच ह्या काट्यांच्या परीक्षेतला पेपर आहे, कारण हिवाळा आला की ही बाई बारीक होते, आणि उपाशी राहून नाही, आधीच ठरवून.

हे थोडं सविस्तर सांगते, नाहीतर काट्याची भानगड कळणार नाही. आउगुस्त डेनेल नावाच्या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये लिहून ठेवलं की ह्या चिचुंद्र्यांच्या कवट्या हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा लहान असतात. वजन सोडा, कवटी! बरेच दिवस लोकांना वाटत होतं की मोठ्या-मोठ्या मरत असतील आणि लहान उरत असतील म्हणून तसं दिसतं. मग इथून जवळच, राडोल्फझेलला, माक्स प्लांक संस्थेतल्या टीमने त्याच त्याच चिचुंद्र्या पुन्हा पुन्हा पकडून, अंगात चिप बसवून, एक्स-रे काढून २०१७ मध्ये दाखवून दिलं की तोच प्राणी खरंच आक्रसतो. कवटीची उंची हिवाळ्यापर्यंत सरासरी १५ टक्क्यांनी कमी, वसंतात परत साधारण ९ टक्के वाढते, वजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरतं आणि वसंतात असं उसळतं की हिवाळ्याच्या आकड्यावर ८० टक्क्यांहून जास्त भर. मेंदूसुद्धा छोटा होतो, २०२५ मध्ये एमआरआय करून बघितलं तर मेंदूचं आकारमान ९ टक्के कमी, आणि पेशी मेल्या म्हणून नव्हे तर त्यांच्यातलं पाणी कमी झालं म्हणून.

कशासाठी हा उपद्व्याप? तर हिला झोपून हिवाळा काढता येत नाही. शीतनिद्रा नाही, आणि थोड्या वेळापुरतं अंग गार करून पडून राहणं पण जमत नाही. इंजिन सतत चालू, दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतकं खाते, काही तास पोटात गेलं नाही तर खेळ खल्लास, म्हणूनच आमच्या सापळ्यांत गवत आणि मीलवर्म (खायच्या अळ्या) भरून ठेवावे लागतात आणि थोड्या थोड्या वेळाने बघावं लागतं. हिवाळ्यात किडे-गांडुळं मिळणार कमी, तर मग एकूण खर्चच कमी करायचा, अंग छोटं, यकृत छोटं, मेंदू छोटा. मला ह्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की उतरण सुरू होते उन्हाळा संपता संपता, बाहेर किडे भरपूर असताना. म्हणजे टंचाई आल्यावर रोडावणं वेगळं आणि टंचाई येणार म्हणून आधीच घर लहान करणं वेगळं.

आता हिशोब करा. ८ ग्रॅमचे १८ टक्के म्हणजे दीड ग्रॅमच्या आत-बाहेर. जुन्या मापात दीड मासा. एवढ्या दीड माशात पूर्ण हिवाळ्याची गोष्ट आहे आणि ती माझ्या हातातल्या काट्याला दिसली पाहिजे, त्यात भर म्हणजे चिचुंद्री सापळ्यात पोटभर मीलवर्म खाऊन बसली असेल तर तेवढ्यानेही आकडा फिरतो. काटाच जर अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे करत असेल तर वहीत काय भरणार, कप्पाळ?

पहिला घेतला डिजिटल. ब्रँडचं नाव देत नाही, हे सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे असतात, वर चकचकीत स्टीलची थाळी, झाकण, २०० ग्रॅम कमाल आणि ०.०१ ग्रॅम अचूकता असं मोठ्या अक्षरात. घरी टेबलावर युरोची नाणी ठेवून तपासला, ही ट्रिक सगळ्यांनी करा, नाण्यांची वजनं ठरलेली असतात, १ युरो ७.५० ग्रॅम, २ युरो ८.५० ग्रॅम, १ सेंट २.३० ग्रॅम, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांची पूर्ण रेंज पाकिटातच मिळते. नवी-कोरी नाणी घ्या, झिजलेली नको. टेबलावर काटा झकास पास झाला, कौतुक वाटलं.

बाहेर नेला आणि नखरे सुरू. थंडीत आकडा सरकत राहतो, काही नसताना ०.१०, मग ०.१४, मग परत टेअर, म्हणजे आकडा शून्यावर आणायचं बटण, दाबा. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय की १० ते ३० डिग्रीत वापरा, आणि माझं काम नोव्हेंबरच्या पहाटेचं! सपाट जागा लागते, जंगलात सपाट जागा कुठून आणू, एका प्लायवूडच्या तुकड्यावर ठेवून करायचे, तरी वारा आला की आकडा नाचतो. चिचुंद्री डबीत ठेवून डबी थाळीवर ठेवली तर ती आत गरागरा फिरते, आकडा ६.९ वरून ७.८ वर, मग ७.२, मधलंच कुठलं तरी धरायचं. आणि कळस म्हणजे ऑटो-ऑफ, तुम्ही पिशवीची गाठ सोडवताय, हात गारठलेत, आणि काटा आपला गुडनाइट म्हणून बंद, टेअर गेलं, परत पहिल्यापासून. दोन दशांश दाखवतो म्हणून ते दोन्ही खरे असतात असं नाही, ते दाखवायचे दात.

मग ताणकाटा. शाळेत विज्ञानाच्या तासाला बघितलेला तोच, फक्त पेनाएवढा बारीक. मी घेतला तो पेसोला, स्विस बनावटीचा, पक्ष्यांना रिंग घालणारी मंडळी वर्षानुवर्षं हाच वापरतात. मला तिप्पट-चौपट पैसे पडले, विद्यार्थ्याच्या खिशाला चांगलंच लागतं, पण बॅटरी नाही, बटण नाही, पाऊस पडला तर पुसायचा. पिशवी क्लिपला लावायची, डोळ्यासमोर धरायचा, वाचायचं, संपलं. वर एक स्क्रू असतो त्याने शून्य जुळवायचं, ते रोज सकाळी एकदा बघायचं.

३० ग्रॅमवाल्याची एक रेघ पाव ग्रॅमची. म्हणजे डिजिटलच्या कागदावरच्या अचूकतेपुढे अगदीच गावठी, पण दोन रेघांच्या मधे नजरेने अंदाज घेता येतो आणि मुख्य म्हणजे आकडा पळत नाही. तीच चिचुंद्री लागोपाठ दोनदा टांगली तर तेच वजन येतं, ह्यापेक्षा मला काही नको. एक सवय लावून घ्या, प्राणी सोडल्यावर रिकामी पिशवी परत टांगून ते वजन वजा करायचं, आधीचं नाही. कारण ह्या बायका पिशवीत प्रसाद ठेवून जातात आणि ८ ग्रॅमच्या प्राण्यात तोही मोजण्यात येतो.

तोटे आहेतच. वाऱ्यात पिशवी झोके घेते, पाठ वाऱ्याकडे करून उभं राहावं लागतं. काटा डोळ्याच्या बरोबर समोर नसेल, वरून किंवा खालून बघितलं, की रेघ चुकते, आणि दोन माणसं आलटून-पालटून वाचत असतील तर वहीत लगेच दिसतं कोणाची उंची किती ते. कधी कधी सापळ्यात रानउंदीर निघतो, तो पिशवीत अशा उड्या मारतो की ताणकाट्याची सुई वर-खाली बागडत बसते, तेव्हा पिशवीचा कोपरा आवळून त्याला जरा घट्ट गुंडाळायचं, शांत होतो.

आता डिजिटलची बाजू, कारण तो मी फेकलेला नाही. माझ्या फ्लॅटमेटकडे सायबेरियन हॅम्स्टर आहे, हिवाळ्यात पांढरा होणारा तो. तिने त्याला खिडकीजवळ, नुसत्या बाहेरच्या उजेडावर ठेवलंय, संध्याकाळी तिथे दिवा लावत नाही. ऑक्टोबरपासून पठ्ठ्या बारीक व्हायला लागला, वाटी भरलेली असताना! ती घाबरून व्हेटकडे गेली, ते बरोबरच केलं, हॅम्स्टरचं वजन उतरलं तर आधी दात आणि पोट तपासून घ्यावं. सगळं नॉर्मल निघालं. ह्या जातीत दिवस लहान झाले की शरीर आपणहून वजन उतरवतं, ३०-४० टक्क्यांपर्यंत सुद्धा, समोर कितीही दाणे ठेवा. ऐंशीच्या दशकात जर्मनीत प्रयोग झाले, ह्यांना हिवाळ्याच्या अध्येमध्ये थोडे दिवस कमी खायला दिलं, वजन आणखी पडलं, मग परत भरपूर दिलं. तर ते जुन्या वजनावर गेले नाहीत, त्या तारखेला कॅलेंडरप्रमाणे जेवढं असायला हवं होतं तेवढ्यावर येऊन थांबले. आत कुठेतरी सरकणारी पट्टी आहे. आणि खूप आत हिवाळ्यात गेले की दिवसातले काही तास अंगाचं तापमान २० डिग्रीच्या आसपास आणून गार पडून राहतात, चिचुंद्रीला न जमणारी ती गोष्ट ह्यांना जमते.

ह्या हॅम्स्टरसाठी मात्र डिजिटल काटा अप्रतिम. गरम खोली, सपाट टेबल, हॅम्स्टर वाटीत सूर्यफुलाचे दोन दाणे चघळत बसतो तेवढा वेळ आकडा स्थिर. वजन ३०-४० ग्रॅमच्या घरात असल्यामुळे ०.१ इकडे-तिकडे झालं तरी बिघडत नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी, खाण्याच्या आधी, एवढंच पाळा. लव्हबर्ड, बजी, पिल्लं असं काही पाळणाऱ्यांनाही मी हाच सुचवेन. भारतात ऑनलाइन ज्वेलरी स्केल नावाने सहज मिळतो, फक्त नाणी किंवा छोटं प्रमाणित वजन ठेवून आल्या आल्या तपासा आणि परत करायची मुदत संपायच्या आत तपासा.

माझे मार्क: ताणकाटा ५ पैकी साडेचार, अर्धा वाऱ्यापायी कापला. डिजिटल घरात चार, बाहेर दीड, तो दीडसुद्धा उजेडात आकडे छान दिसतात म्हणून. आणि ताणकाटा घेणार असाल तर कमाल वजन बघून घ्या, १०० ग्रॅमवाला सगळ्याला चालेल म्हणून घ्यायचा मोह होतो, पण त्याची एक रेघच एक ग्रॅमची असते, चिचुंद्रीचा अख्खा हिवाळा दीड रेघेत संपेल. १० ग्रॅमवाला बारीक दाखवतो पण पिशवीसकट वजन त्याच्या बाहेर जातं. ३० चा घ्या, आणि वसंतात व्होल (आखूड शेपटीचे, उंदरासारखे) वगैरे मोजायचे असतील तर पैसे साठवून ६० चा जोडीला.