डीएच.८८ कॉमेट : पाच हजार पौंडांचं शर्यतीचं विमान

१९३४ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीने एक सरळ सौदा मांडला. फेब्रुवारीअखेरपर्यंत मागणी नोंदवा, ताशी २०० मैल वेगाची हमी घ्या, किंमत ५,००० पौंड. डीएच.८८ कॉमेट हे विमान तेव्हा फक्त कागदावर होतं. तरी तीन गिऱ्हाइकं मिळाली : जिम आणि एमी मॉलिसन हे वैमानिक दांपत्य, ग्रोव्हनर हाउस हॉटेलचे व्यवस्थापकीय संचालक ए. ओ. एडवर्ड्स आणि मोटार शर्यतींत नाव कमावलेले बर्नार्ड रुबिन. तिघांनाही विमान हवं होतं ते एकाच कामासाठी. २० ऑक्टोबरला इंग्लंडमधल्या मिल्डेनहॉलहून सुटून ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला संपणाऱ्या मॅक्रॉबर्टसन शर्यतीसाठी. पहिलं बक्षीस १०,००० पौंडांचं. म्हणजे जिंकलात तर विमानाची किंमत दुपटीने वसूल. कंपनीला मात्र या किमतीत घाटाच होता. तिला राखायची होती ती पत.

आज या विमानाचं परीक्षण करताना त्याचा कमाल वेग बघून मत बनवू नये. कमाल वेग २३७ मैल, म्हणजे ताशी ३८१ किलोमीटर. दोन वर्षं आधी अमेरिकेत जी बी आर-१ या शर्यतीच्या विमानाने २९६ मैल गाठले होते. पण ते यंत्र ८०० अश्वशक्तीचं आणि खांबांभोवती थोडा वेळ घिरट्या घालण्यापुरतं. कॉमेटकडे दोन इंजिनं मिळून ४६० अश्वशक्ती. तेवढ्यावर ते दोन माणसं घेऊन न थांबता २,९२५ मैल, म्हणजे सुमारे ४,७०० किलोमीटर जाई, तेही ताशी २२० मैलांच्या चालीने. आमच्या मते शर्यतीच्या विमानाचं मोजमाप असंच करायला हवं : कोणती शर्यत, किती लांबीचा टप्पा आणि किती इंधन.

टप्प्यांचा हिशेब पाहिला की विमानाचा आकार आपोआप कळतो. सक्तीचे थांबे पाच : बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन, चार्लव्हिल. सगळ्यात लांब टप्पा पहिलाच, मिल्डेनहॉल ते बगदाद, २,५५३ मैल. म्हणजे पल्ल्यात राखीव उरतात जेमतेम पावणेचारशे मैल. त्यासाठी २५८ ब्रिटिश गॅलन, साधारण १,१७० लिटर पेट्रोल लागे. नाकात १२८ गॅलनची टाकी, तिच्या मागे ११० ची आणि कॉकपिटच्या मागे २० गॅलनची छोटी. पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन ५,५५० पौंड. त्यातला एक तृतीयांश भाग नुसतं इंधन. नाकात आणि मध्यावर टाक्या बसल्यावर माणसांना जागा उरते ती मागेच. त्यामुळे लांबलचक नाक आणि त्यापलीकडे काहीही न दिसणारा वैमानिक, हे या विमानाचं रूप ठरलं. दुसरा वैमानिक त्याच्या पाठीमागे बसे आणि पुढच्याच्या खांद्यावरून काटे वाचे.

आता पंख. या यंत्राची खरी करामत तिथे आहे, आणि त्याचं श्रेय मुख्य आरेखक ए. ई. हॅग यांना. वेगासाठी पंख पातळ हवा, बाहेरून तारा किंवा टेकू नकोत. पण पातळ पंखात आतला कणा, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई, उथळ होतो आणि उथळ कणा एकट्याने वाकवणारा भार पेलत नाही. म्हणून भार कातडीवर टाकला. आत तीन पेटीसारखे कणे, आणि वरून स्प्रूस लाकडाच्या सुमारे दोन इंच रुंद पट्ट्या तिरक्या बसवलेल्या. त्यावर दुसरा थर उलट्या तिरक्या दिशेने, मग दोन्ही थर एकमेकांना चिकटवलेले. तिरक्या थरांमुळे पंख पिळला जात नाही. पट्ट्यांची जाडी मुळाशी जास्त, टोकाकडे कमी होत जाते, कारण भारही तसाच कमी होतो. पत्र्यात हे करायचं तर साचे आणि वेळ लागला असता. लाकडात रंधा मारून जमलं. मागणी नोंदवल्यापासून पहिलं उड्डाण ८ सप्टेंबर १९३४ ला, म्हणजे सव्वासहा महिन्यांत. पुढे याच कंपनीने लाकडाचं मॉस्किटो लढाऊ विमान बनवलं, त्यामागे हा अनुभव होता.

लाकडी बांधणीचा धोका एकच, पण मोठा : ओल. डिंकाच्या सांध्यात पाणी शिरलं की बाहेरून काही दिसत नाही, आतून मात्र पकड सुटत जाते. त्यामुळे असं विमान उघड्यावर ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं.

पंख पातळ, निमुळते आणि लहान, १९.७ चौरस मीटरचे. भरलेल्या विमानात दर चौरस मीटरवर १२८ किलो भार येतो. त्याच कंपनीच्या टायगर मॉथ या शिकाऊ विमानात तो सदतीसच्या आसपास असतो. एवढ्या आकड्यावरून उतरण्याचा स्वभाव कळावा. वेग कमी झाला की निमुळत्या पंखाचं टोक आधी उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा जोर, सोडतं. शेपूट खाली ओढून पुढची चाकं आणि शेपूट एकदम टेकवायला गेलं की एक पंख अचानक गळतो, आणि जमीन जवळ असल्याने सावरायला उंची नसते. म्हणून थोडा जास्त वेग राखून पुढच्या दोन चाकांवर उतरणं शहाणपणाचं. पंखाखाली उघडणारे फ्लॅप दिले आहेत. ते वेग कमी करायला मदत करतात, टोकाचा स्वभाव बदलत नाहीत.

प्रोपेलरबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. उड्डाणाच्या सुरुवातीला पात्यांचा कोन उथळ हवा म्हणजे इंजिन पूर्ण फेरे घेतं. वेग आल्यावर कोन तिरका हवा, म्हणजे कमी फेऱ्यांत जास्त अंतर कापलं जातं. कॉमेटला फ्रेंच रातिए बनावटीचे दोन कोनांचे प्रोपेलर लावले होते, आणि त्यांची यंत्रणा हवेच्या दाबावर चाले. उड्डाणाआधी जमिनीवर उभं राहून प्रोपेलरच्या मध्यातल्या हवेच्या पिशवीत सायकलच्या पंपाने हवा भरायची. पिशवी फुगली की पाती उथळ कोनात जातात. पुढे नाकाशी एक चकती असते. ताशी दीडशे मैलांच्या आसपास समोरच्या वाऱ्याने ती आत दाबली जाते, झडप उघडते, हवा निघून जाते आणि पाती तिरकी होतात. वजन अगदी कमी, वैमानिकाला काही करावं लागत नाही. इथवर उत्तम.

पण हा प्रवास एकतर्फी आहे. हवेत पाती पुन्हा उथळ करता येत नाहीत, जमिनीवर उतरून पंपच मारावा लागतो. याचे परिणाम तीन. उतरताना अंदाज चुकला आणि पुन्हा वर जायचं ठरवलं, तर तिरक्या पात्यांनी इंजिन हवे तेवढे फेरे घेत नाही आणि ओढ तोकडी पडते. तेव्हा निर्णय लवकर घ्यायचा, धावपट्टीच्या टोकाशी आल्यावर नाही. दुसरं, दोन्ही बाजूंच्या झडपा एकाच क्षणी उघडतीलच असं नाही. एक बाजू बदलली आणि दुसरी राहिली की विमान एका बाजूला ओढलं जातं. तिसरं, पिशवीतली हवा गळत असेल तर उड्डाणाच्या धावेतच कोन बदलू शकतो, नेमका पूर्ण इंधन भरलेलं असताना. म्हणून पंप मारल्यावर दोन्ही पाती हाताने तपासणं ही औपचारिकता नव्हती.

चाकं आत घ्यायची ती हाताने. मोठ्या चक्राचे चौदा फेरे. वर चढताना एका हातात विमान सांभाळायचा दांडा आणि दुसऱ्या हाताने चक्र, हे काम अंगमेहनतीचं. तरी दुमडणारी चाकं, बदलत्या कोनाचे प्रोपेलर आणि फ्लॅप या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारं हे पहिलं ब्रिटिश विमान. चाकांची यंत्रणा हा त्याचा दुबळा भाग राहिला. शर्यतीनंतर विजेतं विमान ब्रिटिश हवाई दलाने के५०८४ क्रमांकाने चाचणीला घेतलं, जोरात उतरताना ते मोडलं आणि भंगारात विकलं गेलं. पुढे २००२ मध्येही उतरताना चाकांनी दगा दिला.

इंजिनं जिप्सी सिक्स आर. नेहमीच्या जिप्सी सिक्समध्ये कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, ५.२५, शर्यतीच्या इंजिनात ६.५. त्यामुळे दोनशेच्या जागी सुमारे २३० अश्वशक्ती. या वाढीची किंमत म्हणजे इंधनाच्या दर्जाची सक्ती. हलक्या दर्जाचं पेट्रोल एवढ्या दाबात ज्योत पोहोचण्याची वाट पाहत नाही, उरलेलं मिश्रण एकदम भडकतं, धक्के बसतात आणि पिस्टनचा माथा वितळतो.

हे भारतातच सिद्ध झालं. मॉलिसन दांपत्याचं काळं-सोनेरी ‘ब्लॅक मॅजिक’ सर्वांच्या पुढे होतं. बगदादला ते थेट पोहोचलं आणि कराचीला विक्रमी वेळेत. तिथून अलाहाबादकडे निघाल्यावर रात्री वाट चुकली आणि विमान जबलपूरला उतरलं. तिथे विमानाचं पेट्रोल नव्हतं. स्थानिक बस कंपनीकडचं मोटारीचं पेट्रोल भरून ते अलाहाबादपर्यंत कसंबसं पोहोचलं, पण इंजिनं कामातून गेली होती. शर्यत तिथेच संपली. यंत्राचा दोष म्हणावा तर तो एवढाच, की ठरलेल्या ठिकाणी ठरलेलंच इंधन मिळेल हे त्यात गृहीत धरलेलं होतं. अशा विमानाला आडवाटेच्या मैदानाची सोय नसते.

एडवर्ड्स यांचं लाल ‘ग्रोव्हनर हाउस’ सी. डब्ल्यू. ए. स्कॉट आणि टॉम कॅम्पबेल ब्लॅक यांनी नेलं. वाटेत त्यांनाही किर्कुकला उतरावं लागलं. शेवटच्या पल्ल्यात तेलाच्या दाबाचा इशारा आला म्हणून त्यांनी एक इंजिन मंद ठेवलं. नंतर कळलं की बिघाड इशारा देणाऱ्या यंत्रातच होता. तरीही मेलबर्न ७१ तासांत. रुबिन यांचं हिरवं विमान कॅथकार्ट जोन्स आणि केन वॉलर यांनी चौथ्या क्रमांकावर आणलं आणि लगेच मागे फिरून साडेतेरा दिवसांत जाऊन-येऊन प्रवास पुरा केला. तीनपैकी दोन विमानं पोहोचली, सहा आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा उडालेल्या आराखड्याला हे भूषणावह आहे.

तरी गिऱ्हाईक म्हणून विचार करायचा तर दुसऱ्या क्रमांकाकडे बघावं लागतं. तिथे केएलएम या डच विमानकंपनीचं डग्लस डीसी-२ ‘युव्हर’ होतं. नेहमीचं प्रवासी विमान, आत प्रवासी आणि टपाल. वादळात ते ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरीला मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरलं, चिखलात रुतलं, गावकऱ्यांनी ओढून काढलं, आणि तरीही ९० तासांत पोहोचून त्याने हँडिकॅप विभाग, म्हणजे विमानाची क्षमता धरून वेळेत सूट देणारा विभाग, जिंकला. तिसरं बोइंग २४७. म्हणजे शर्यत लाकडाने जिंकली, पण बाजार पत्र्याच्या प्रवासी विमानांचा होता. कॉमेटची एकूण पाचच विमानं बनली. ज्याला एकदाच, सगळ्यांच्या आधी पोहोचायचं आहे त्याने कॉमेट घ्यावं, रोज उडायचं आहे त्याने डीसी-२, हा निकाल त्या आठवड्यातच लागला होता.

एक गोष्ट मात्र कॉमेटच्या बाजूने ठासून सांगायला हवी. भंगारात गेलेलं ‘ग्रोव्हनर हाउस’ एसेक्स एअरो या कंपनीने दुरुस्त केलं, मालिका दोनची साधी जिप्सी सिक्स इंजिनं बसवली, आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये ए. ई. क्लाउस्टन आणि बेटी कर्बी-ग्रीन यांनी त्यातून इंग्लंड ते केपटाउन ४५ तासांत गाठलं. पुढच्या मार्चमध्ये क्लाउस्टन आणि व्हिक्टर रिकेट्स तेच विमान न्यूझीलंडला नेऊन परत आले. मोडून पुन्हा जोडलेलं विमान इतका मार सोसतं, याहून चांगली शिफारस नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर हेच विमान इंग्लंडमध्ये बेडफर्डशरच्या ओल्ड वॉर्डन इथे शटलवर्थ संग्रहात आहे. १९८७ मध्ये ते पुन्हा उडालं, २००२ च्या अपघातानंतर बराच काळ जमिनीवर राहिलं, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पुन्हा उडू लागलं. ‘ब्लॅक मॅजिक’ मधल्या काळात पोर्तुगालला गेलं होतं, आता इंग्लंडमध्येच त्याची पुनर्बांधणी चालू आहे. ओल्ड वॉर्डनला जाणार असाल तर नुसतं समोरून छायाचित्र काढून परतू नका. बाजूला उभं राहून पंखाची जाडी मुळाशी आणि टोकाशी किती आहे ते पडताळा. नंतर कॉकपिट नाकापासून किती मागे आहे ते बघा आणि तिथून धावपट्टी कितीशी दिसत असेल याचा अंदाज घ्या. उड्डाण-प्रदर्शनाच्या दिवशी गेलात तर कार्यक्रमात कॉमेट आहे का ते आधी विचारून घ्या, आणि उतरताना बघायला धावपट्टीच्या कडेची जागा धरा.