सेनापती सोडून बाकीच्यांचं युद्ध: नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

गेले नऊ महिने मी एकाच जातीची पुस्तकं वाचतेय. विषय युद्धाचाच, पण त्यात शिपाई, त्यांच्या घरची माणसं, वेढ्यात अडकलेली शहरं, छावणीतल्या बायका. चौदा पुस्तकं पुरी झाली, तीन अर्ध्यावर सोडली. सुरुवातीला मुखपृष्ठ आणि विषय बघून पुस्तक उचलायचे. आता हातात आलं की आधी शेवटची पानं उघडते. टिपा आहेत का, कशा आहेत, पत्र किंवा रोजनिशी मुळात कुठून मिळाली हे सांगितलंय का, ते बघते आणि मगच पहिलं प्रकरण.

ही सवय एका उताऱ्यामुळे लागली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं एका जाडजूड ग्रंथात वाचली होती. अर्ध्या पानात चार-पाच वाक्यं, ‘शिपायांच्या भावना’ म्हणून दिलेली. वाचून हळहळले आणि पुढे गेले. तीन महिन्यांनी दुसऱ्या पुस्तकात तीच पत्रं भेटली, पण या लेखकानं त्यांचा सगळा प्रवास मांडला होता. बऱ्याच शिपायांना लिहिता येत नव्हतं, म्हणजे मजकूर सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. पत्र सेन्सॉरच्या कचेरीत जायचं, तिथे वाचलं जायचं, निवडक भागाचा इंग्रजी अनुवाद अहवालात उतरायचा. आज आपल्या हाती आहेत ते बहुतांशी हे अनुवादित उतारे. मूळ कागद बहुतेक गेलेच.

आणि आपलं पत्र कुणीतरी वाचणार, हे शिपायांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते लिहितात, काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. आपली माणसं किती मेली हे त्यांनी मसाल्याच्या हिशेबात घरी कळवलं. सेन्सॉरनं ते ओळखलं, अहवालात नोंदवलं, म्हणून ते उरलं. हे कळल्यावर मी पहिला ग्रंथ पुन्हा काढून तेच अर्धं पान वाचलं. लेखकानं एकही खोटं वाक्य लिहिलं नव्हतं, पण त्या शिपायानं मान खाली घालून, शब्द मोजून लिहिलं होतं, हेच गाळलं होतं. माझा राग अजून गेलेला नाही.

तेव्हापासून पुस्तक जोखायला माझ्याकडे ही एकच कसोटी आहे: हा आवाज कुणाकुणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आला, हे लेखक सांगतो का?

आपल्याकडचं उदाहरण गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चं. १८५७ च्या धामधुमीत दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे गेलेला हा भिक्षुक झांशीच्या वेढ्यात सापडला, जगून परत आला आणि पुढे कितीतरी वर्षांनी आठवणी लिहून ठेवल्या. चिं. वि. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखितावर बेतलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. घेणार असाल तर कोणती आवृत्ती हातात आहे ते आधी पाहून घ्या, इतका फरक पडतो.

या नऊ महिन्यांतलं सगळ्यात जड वाचन दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रशियातल्या लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्याचं. ८७२ दिवस. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कष्टाचं काम न करणाऱ्या नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा, तोही भेसळीचा. या वेढ्यातल्या तान्या साविचेवा या मुलीची छोटी वही जगभर माहीत आहे. अक्षरवार पानांची वही, ज्या अक्षरानं नाव सुरू होतं त्या पानावर मेलेल्याचं नाव, तारीख, वेळ. आधी बहीण झेन्या, मग आजी, भाऊ, दोन काका, आई. शेवटच्या पानांवर ‘साविचेव मेले’, ‘सगळे मेले’, ‘एकटी तान्या उरली’. बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात. एकानं पुढचं सांगितलं. बहीण नीना आणि भाऊ मिखाईल जिवंत होते. तान्याला ते कधीच कळलं नाही, १९४४ मध्ये ती गेली. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. बारा वर्षांच्या मुलीनं जे पाहिलं ते खरंच लिहिलं, आणि तरी ‘सगळे’ हा शब्द चुकीचा होता. लेखकानं शेजारी दुसरा कागद ठेवला नसता, तर मला हे कधी समजलं नसतं.

असली पुस्तकं रात्री झोपण्यापूर्वी वाचू नका. मी दोन आठवडे वाचली आणि झोप पार उडाली. आता सकाळी वाचते. दोन जड पुस्तकांच्या मध्ये एखादं लांबच्या काळातलं घेते. रोमन ब्रिटनमधल्या विंडोलांडाच्या ठाण्यावर १९७३ पासून सापडत गेलेल्या पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं आहेत. एकात कुणीतरी मोजे, दोन जोड वहाणा आणि दोन चड्ड्या पाठवल्याचं कळवतं. दुसऱ्यात क्लॉडिया सेव्हेरा ही सेनाधिकाऱ्याची बायको आपल्या मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या अक्षरात. साधारण १९०० वर्षांपूर्वीच्या. लेखनिकाचं वळणदार अक्षर संपून तिचं ओबडधोबड अक्षर सुरू होतं, ते छायाचित्रात स्पष्ट दिसतं. त्या एका छायाचित्रासाठी छापील प्रत घ्यावी.

बाकी माध्यमांचं थोडक्यात. ई-बुकमध्ये टीप पटकन उघडते, पण नकाशे वाया जातात. ऑडिओमध्ये टिपाच जातात, म्हणून या विषयाला ते मी बंद केलं.

सोडलेल्या तीन पुस्तकांचा दोष एकच होता: ‘त्या रात्री तिच्या मनात आलं असेल’ असली वाक्यं. कादंबरीत मला ती चालतात. पण जिचं आयुष्यातलं एकच पत्र उरलंय, तिच्या तोंडी आपलं वाक्य घालायचा हक्क इतिहासकाराला नाही. तिसऱ्यात तर असं वाक्य चाळिसाव्या पानाच्या आतच चार वेळा आलं, तेव्हा ते तिथेच ठेवलं.

सध्या शिपायांची पत्रं पुन्हा वाचतेय, पेन्सिल घेऊन, आणि जिथे जिथे ‘मी खुशाल आहे’ येतं तिथे खूण करत.