वकील संघाची वर्गणी: पावती फाडण्यापूर्वी काय तपासावे

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हाती आली की नव्या वकिलापुढे पुढचा कागद येतो तो तालुका किंवा जिल्हा वकील संघाच्या सभासदत्वाचा. निम्मे लोक तो न वाचता सही करून देतात, उरलेले ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत टाळतात. महाराष्ट्रात नियमित कोर्टात उभे राहणाऱ्याने सभासद व्हावे, हे आमचे मत. पण वर्गणीच्या बदल्यात नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी पाहून घ्यावे.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढू. सभासदत्वामुळे वकिली करण्याचा हक्क मिळत नाही. तो ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 30 मधून येतो आणि हे कलम 15 जून 2011 पासून अमलात आहे. ‘आधी सभासद व्हा, मग इथे वकीलपत्र (अशिलाने वकिलाला दिलेले अधिकारपत्र) दाखल करा’ असे कोणी सांगितले, तर त्याला कायद्याचा आधार नाही. दुसरे, सनदेच्या शुल्काला कायद्याने लगाम आहे. वकिलांची नोंदणी करणाऱ्या राज्य बार कौन्सिलचे 600 आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 150, असे 750 रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. याहून जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी स्पष्ट केले. संघाच्या प्रवेश शुल्काला असा लगाम नाही. ते संघाच्या घटनेप्रमाणे ठरते. म्हणून फॉर्मबरोबर घटनेची प्रत मागावी. ती द्यायला टाळाटाळ झाली, तर संघ कसा चालतो याचा अंदाज तिथेच येतो.

आता मिळते काय? बार रूममधली खुर्ची, पंखा आणि कपाट हे दिसणारे फायदे, आणि खरे तर सगळ्यात किरकोळ. खरी किंमत आहे ती बातमीची. जिल्हा न्यायाधीशांची परिपत्रके संघाकडे येतात: कोणते न्यायाधीश रजेवर, त्यांच्या कामाचा चार्ज कोणाकडे, कोणते बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) कोणत्या कोर्टात वर्ग झाले, ई-फायलिंग कोणत्या प्रकरणांना लागू. समजा, दिवाणी दाव्यात अंतरिम मनाई, म्हणजे निकालापूर्वीचा तात्पुरता मनाई हुकूम, ‘पुढील तारखेपर्यंत’ आहे आणि नेमके त्या दिवशी न्यायाधीश रजेवर आहेत. शिरस्तेदार (कोर्टाचे कार्यालयीन अधिकारी) तारीख देऊन मोकळे होतात, पण मनाईची मुदत आपोआप वाढत नाही. चार्ज असलेल्या कोर्टात तातडीचा अर्ज घेऊन वेळेवर पोचावे लागते. ज्याला सकाळी कळले त्याचा अर्ज तयार असतो, ज्याला दुपारी पुकाऱ्याला कळते त्याची धावपळ होते. केस स्टेटस ॲपवर पुढची तारीख दिसते, पण ती प्रकरण पुढे ढकलल्यावर. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेपासून येणारी सुप्रभाताची फुले सहन करावी लागतात ती यासाठी.

ग्रंथालयाला आम्ही निम्मे गुण देऊ, आणि तेही तपासल्यावरच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. पण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले व अपिले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच चालतात. म्हणजे अजून कितीतरी वर्षे दोन्ही संच टेबलावर हवेत. काही ग्रंथालयांनी जुनी भाष्ये माळ्यावर टाकली, काहींनी नवी घेतलीच नाहीत. दोन्ही प्रकार अडचणीचे. ऑनलाइन निवाड्यांची वर्गणी असेल तर तीन प्रश्न विचारावेत: एकाच वेळी किती जणांना लॉगिन मिळते, ते फक्त ग्रंथालयातल्या संगणकावर चालते की घरून, आणि नूतनीकरण कोणत्या महिन्यात होते. दीडशे सभासद आणि दोन लॉगिन असतील, तर युक्तिवादाच्या सकाळी त्याचा उपयोग शून्य.

कल्याण योजनांबाबत सर्वाधिक गोंधळ आहे. संघाचे सभासद झालो म्हणजे वकिलांना मदत देणाऱ्या कल्याण निधीचेही झालो, असे अनेक जण धरून चालतात. तसे नाही. महाराष्ट्रात वकील कल्याण निधीसाठी 1981 चा स्वतंत्र राज्य कायदा आहे आणि निधीचे सभासदत्व वेगळ्या अर्जाने घ्यावे लागते. वकीलपत्रावर लावलेले कल्याण निधीचे तिकीट निधीत भर घालते, पण तिकीट लावणारा त्यामुळे निधीचा सभासद होत नाही. संघाचा उपयोग होतो तो दाखल्यासाठी: हा वकील या कोर्टात खरोखर काम करतो, हे संघ लिहून देतो. आजारपणात मदतीचा अर्ज करताना हाच दाखला अडतो, कारण वर्गणी थकलेली असते. नामनिर्देशनही पाहावे. लग्नापूर्वी भरलेला फॉर्म वीस वर्षे तसाच पडून राहतो आणि पुढे कुटुंबाला निष्कारण भांडण मिळते.

गट आरोग्य विमा देणारा संघ चांगलाच, पण मास्टर पॉलिसी संघाच्या नावावर असते, हे लक्षात ठेवावे. पदाधिकाऱ्यांनी हप्ता उशिरा भरला तर संरक्षण सगळ्यांचेच जाते, तुम्ही वेळेवर पैसे दिलेले असले तरी. विमा कंपनीने दिलेले स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र किंवा ई-कार्ड हातात आल्याशिवाय आधीची वैयक्तिक पॉलिसी बंद करू नये.

सामूहिक ताकद ही संघाची सगळ्यात जुनी मिळकत. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ) 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले. त्यामागे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकील संघांची काही दशकांची मागणी होती. एकट्या वकिलाच्या निवेदनाने हे झाले नसते.

याच ताकदीची दुसरी बाजू म्हणजे ‘न्यायालयीन कामकाजापासून अलिप्त राहण्याचा’, म्हणजे संपाचा, ठराव. हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2002 रोजी सांगितले की, वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही, लाक्षणिक संपाचाही नाही. आणि संपात सामील न होणाऱ्यावर संघ कारवाई करू शकत नाही. निषेध करायचा तर निवेदन, काळी फीत, कोर्टाच्या आवाराबाहेर शांततेत धरणे, असे मार्ग मोकळे आहेत. बेंचच्या (न्यायाधीशांच्या) किंवा बारच्या (वकिलांच्या) स्वातंत्र्याचाच प्रश्न असेल अशा विरळ प्रसंगी फार तर एक दिवस दूर राहिल्यास न्यायालय काणाडोळा करू शकेल, एवढीच फट ठेवली आहे, आणि त्याआधी अध्यक्षांनी जिल्हा न्यायाधीशांशी किंवा मुख्य न्यायमूर्तींशी बोलले पाहिजे. अमक्या आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही, हा ठरावही बेकायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या मोहम्मद रफी निकालात तो स्पष्टपणे निरर्थक ठरवला आहे. घटनेत ‘संघाचे ठराव सर्व सभासदांवर बंधनकारक’ असे वाक्य असले, तरी या दोन बाबतीत ते लागू पडत नाही. मात्र कागदावरचे संरक्षण आणि दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये बसणे, यातले अंतर ज्याचे त्याने ओळखावे.

प्रवेशाची प्रक्रिया साधी आहे, पण अडकण्याच्या जागा ठरलेल्या. साधारणपणे अर्ज, सनदेची प्रत, अखिल भारतीय बार परीक्षेचे प्रमाणपत्र, फोटो, आणि सूचक व अनुमोदक म्हणून दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. शिवाय मतदान कोणत्या एकाच संघात करणार याचे घोषणापत्र. ‘एक बार, एक मत’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कौशिक प्रकरणात उचलून धरले. त्यामुळे दोन संघांचे सभासद होता येते, मत मात्र एकाच ठिकाणी. नाव सनदेवर जसे आहे तसेच लिहावे. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर आधी बार कौन्सिलच्या नोंदीत बदल करून घ्यावा, नाहीतर पुढे प्रत्येक दाखल्यावर हरकत निघते. पैसे भरले म्हणजे सभासद झालो असे नसते. कार्यकारिणीच्या सभेत अर्ज मंजूर झाल्याचा ठराव लागतो. ठराव क्रमांक आणि तारीख पावतीच्या मागे टिपून ठेवावी. निवडणुकीआधी मतदार यादीतून गळणारी नावे बहुतेक या दोन कारणांनी गळतात: ठराव झालेला नाही किंवा वर्गणी शेवटच्या तारखेनंतर भरली आहे.

संघ तपासायचा असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात जावे. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. नवी कार्यकारिणी निवडून आली की 90 दिवसांत कलम 22 खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, त्या कार्यालयात द्यावा लागतो. तीन-तीन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट वादात अडकलेले असतील, तर सत्तेत कोण आणि बँकेत सही कोणाची, हाच प्रश्न उभा राहतो. मग ग्रंथालय आणि विमा दूरच राहिले. लेखापरीक्षण अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येतो का, हेही विचारावे.

वर्गणी सगळ्यांनाच वसूल होते असे नाही. ज्याचे बहुतेक काम ग्राहक आयोगात किंवा न्यायाधिकरणात आहे, त्याने तिथल्या संघात मत ठेवावे आणि जिल्हा संघात फार तर बिनमताचे सभासदत्व घ्यावे. अशील मिळतील या आशेने कोणी येत असेल, तर ती आशा सोडावी. सिनिअरकडून जुनिअरकडे जाणारी कामे ओळखीने जातात, यादीने नाही. आणि सभासद झाल्यावर ते पाटीवर लिहू नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे नावाच्या पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण कोणत्याही संघाचे सभासद किंवा अध्यक्ष आहोत, असे दाखवता येत नाही. माजी अध्यक्षांच्या बऱ्याच पाट्या या नियमात बसत नाहीत, आणि ओळखपत्राची जागा खिशातच आहे.